वलगावच्या पाटीवर अकोल्याचं आभाळ

मु. वलगाव, जि. अमरावती
शुक्रवार, सकाळचे सव्वासात

आदरणीय शेखर भाऊजी,

वलगावहून गोपालचा वाकून नमस्कार पोचावा. तुमची प्रकृती बरी असेल, घरातला कूलर पाणी नीट ओढत असेल आणि ऑफिसात फोन कमी येत असतील अशी आशा करतो. आमच्याकडे बाबांचा खोकला गेला, आईचे गुडघे जसे होते तसे आहेत, वावरातला मोगरा ह्या महिन्यात चांगला निघाला आणि मी बरा आहे (वजन बावन्न किलो, मागच्या महिन्यातही बावन्नच होतं). दीपमालाताईची खुशाली मी इथे विचारत नाही, त्याचा अर्थ कृपया असा काढू नये की मला ती नको आहे. आई आणि ताई एकमेकींशी बोलत नाहीत त्याला अकरा महिने होत आले, आणि आमच्या घरात ताईचं नाव निघालं की आई काहीतरी निवडायला घेते. परवा तिने निवडलेली तूर दुसऱ्यांदा निवडली. म्हणून तुम्हीच समजून ताईला सांगावं की गोपालने विचारलं आहे.

पत्राचं कारण असं की, तुमच्या ऑफिसच्या ‘आभाळवर्दी’ ह्या हवामानाच्या ॲपमध्ये एक नवीन सोय करावी अशी माझी नम्र सूचना आहे. ॲपच्या आत ‘आपली सूचना कळवा’ असा एक चौकोन आहे, त्यात मी आधी लिहून पाहिलं. पण दोनशे अक्षरं झाली की तो चौकोन पुढे घेत नाही, आणि माझी दोनशे अक्षरं नमस्कार आणि पत्ता ह्यातच संपतात. तीनदा पाठवलं. तिन्ही वेळा ‘आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार’ असं उत्तर आलं, सूचना मी अजून केलेलीच नसताना. फोनवरही सांगता आलं असतं, पण तुम्ही दिवसभर ऑफिसात शेतकऱ्यांचेच फोन घेता, आणि घरी आल्यावर फोन वाजला की तुमचा चेहरा कसा होतो हे मी अकोल्याला आलो होतो तेव्हा पाहिलं आहे. शिवाय बोलताना मी गडबडतो. लिहिताना खोडता येतं.

आता सूचनेचं मूळ सांगतो, म्हणजे साहेबांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल. तुमचं ॲप आमच्या गल्लीत बऱ्याच जणांच्या मोबाईलमध्ये आहे, पण ते वाचलं जातं माझ्याकडूनच. मी अकरावीतच कॉलेज सोडलं, तरी माझं अक्षर आणि शुद्धलेखन चांगलं आहे, आणि ज्याचं लिहिणं नीट त्याचं सांगणं खरं असा आमच्याकडे समज आहे. म्हणून फेब्रुवारीपासून मी रोज पहाटे साडेपाचला ॲप उघडतो आणि माझी शाळेतली पाटी तानुबाईंच्या ओट्यावर टेकवून ठेवतो. पाटीवर ‘आजचे आभाळ’, त्याखाली ‘निरभ्र’ किंवा ‘अंशतः ढगाळ’ किंवा जे असेल ते, मग पुढच्या तीन दिवसांचा अंदाज आणि शेवटी कमाल तापमान. (तानुबाई म्हणजे आमच्या शेजारच्या. तुमच्या लग्नात ज्यांनी तुम्हाला तोंडावर “जवाई जरासा बारीकच हाय” म्हटलं होतं, त्या.)

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या गल्लीत तुमच्याबद्दल एक गैरसमज आहे आणि तो मी अजून दूर केलेला नाही. तुम्ही आभाळाच्या ऑफिसात आहात एवढं लोकांना माहीत आहे. त्यावरून पाऊस तुमच्या टेबलावरून पुढे जातो असं त्यांनी धरलं आहे. मी मागच्या उन्हाळ्यात एकदोनदा समजावलं की भाऊजी फक्त फोन घेतात. त्यावर तानुबाई म्हणाल्या, “मंग आपला फोन घेतीन ना तो. दोन दिस थांबव म्हणा, माह्या कुरोड्या व्हायच्या हाय.” पाऊस दोन दिवस आला नाही. तेव्हापासून गल्लीत तुमचं वजन वाढलं आहे. बाबासुद्धा कोणी तुमची चौकशी केली की आभाळाकडे पाहून “बरे आहेत” म्हणतात.

वाळवणाच्या दिवसांत ह्या पाटीला किती महत्त्व येतं ते तुम्हाला अकोल्यात बसून कळणार नाही. आमच्या गल्लीत कोणी एकट्याने वाळवण करत नाही. आज ह्या घरचा दिवस, उद्या त्या घरचा, आणि ज्या घरचा दिवस असेल तिथे सगळ्या बायका भल्या सकाळी जमतात. कुरडयांचा (बोलताना कुरोड्यांचा) गहू तीन दिवस आधी भिजत घालावा लागतो, म्हणजे गहू भिजवतानाच चौथ्या दिवशीच्या उन्हाची खात्री लागते. ती खात्री फेब्रुवारीपासून मी देत होतो. मला त्या दिवसांत झोप नीट लागत नव्हती. डोळे मिटले की पांढऱ्याशुभ्र कुरडया लुगड्यावर ओळीने पसरलेल्या दिसायच्या, आणि त्यांच्यावरून एक सावली हळूहळू सरकत जायची. ती कशाची सावली आहे ते पाहायला मी वर बघायचो, तर वर मोबाईलचा पडदा असायचा.

अकोल्याचा विषय इथून सुरू होतो. मागच्या मे महिन्यात आईने नेहमीप्रमाणे ताईसाठी सरगुंड्या केल्या होत्या. (तुम्हाला माहीत आहेच, पण हे पत्र एखाद्या पुण्याच्या साहेबांना दाखवावं लागलं तर: गव्हाच्या पिठाची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची, आणि जे पोकळ वेटोळं उरतं ती सरगुंडी. उन्हात वाळवून ठेवतात आणि आंब्याच्या रसासोबत खातात. एका डब्यात किती मावतात ते मी मोजायला बसलो होतो, चारशे साठच्या पुढे आईने हाकललं.) डबा बांधून तयार होता आणि ताईचा फोन आला. ताई म्हणाली, “आई, यंदा नको पाठवू वं. इथं पाकिटात भेटते.” आई म्हणाली, “बरं.” बस, एवढंच. कोणी आवाज चढवला नाही. पण ह्या दोन वाक्यांवर दोघींनी अकरा महिने काढले आहेत. त्या सरगुंड्या आम्ही पावसाळाभर खाल्ल्या. चव चांगली होती, पण तसं म्हणायचीही पंचाईत. बाबा एकदा चुकून “वा” म्हणाले, तर आईने वाटी उचलून नेली.

तिकडची बाजू तुम्हाला माहीत असेल. इकडची अशी आहे की, त्याच जूनपासून आई मला रोज सकाळी अकोल्याचं हवामान विचारते. ती तोंड दुसरीकडे करून विचारते, चुलीकडे किंवा भिंतीकडे. “अकोल्याले कसं म्हणून राह्यलं?” जसं काही अकोला म्हणून कोणी आजारी माणूस आहे आणि त्याच्या उशाशी मी बसून आहे. मी म्हणतो, चव्वेचाळीस. मग ती चुलीतलं लाकूड पुढे सरकवते आणि म्हणते, “वरचा मजला हाय. टिनाखाली.” हे तुमच्या घराबद्दल. मग तीच म्हणते की अकोल्याच्या बाजारात मोगरा न्यावा का, म्हणून विचारून राहिली. आमच्या घरचा मोगरा आजवर अमरावतीच्या पुढे गेलेला नाही. पण हे मी तिला कधी दाखवून दिलं नाही. पावसाळ्यात ती मोर्णेला पूर आहे का विचारायची, कारण तुमचं घर नदीपलीकडे जुन्या शहरात. थंडीत विचारायची की तिकडे धुकं असतं का. धुक्याचा आणि मोगऱ्याचा संबंध तिने सांगितला नाही.

ह्या एप्रिलच्या पाच तारखेला ती मला दिवसातून चार वेळा विचारू लागली, कारण तुमच्याकडे एकदम ऊन वाढलं होतं. तेव्हा मी तिची सोय म्हणून ॲपमध्ये अकोला सगळ्यात वर घेतलं आणि वलगाव त्याच्या खाली ढकललं. आई विचारायच्या आत उत्तर तयार असावं, एवढाच हेतू होता. आता ह्यात तुमच्या ऑफिसची चूक फक्त इतकी की, वरच्या गावाचं तापमान ठळक दिसतं, आभाळाचं चित्र ताटाएवढं दिसतं, पण गावाचं नाव मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत आहे. बाकीची चूक माझी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी अर्धवट झोपेत ॲप उघडलं, जे ठळक होतं ते पाटीवर उतरवलं, आणि पुढचे अकरा दिवस तेच करत राहिलो.

भाऊजी, अकरा दिवस आमची गल्ली अकोल्याच्या हवामानात राहिली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन्हीकडे आभाळ निरभ्रच होतं. फक्त ऊन तिकडे दोन अंशांनी जास्त होतं, आणि ते दोन अंश आमच्या लोकांना लागायला लागले. पाटीवर पंचेचाळीस वाचून तानुबाईंना गरगरल्यासारखं झालं. बाबांनी दुपारी वावरात जाणं सोडलं आणि खिशात कांदा ठेवू लागले. वळणावरचा किराणावाला पुंजाराम बारा ते चार दुकान बंद ठेवू लागला आणि म्हणाला, असं ऊन वलगावनं पाहिलं नाही. ते खरंच होतं. मी स्वतः रात्री अंगणात पाणी मारून झोपलो. आता मागे वळून पाहतो तेव्हा मला त्या दिवसांचा राग येत नाही. दुपारी सगळी गल्ली दारं लोटून पडलेली असायची, स्लॅबवर वाळवण, खाली सावली, आणि मला पडल्या पडल्या वाटायचं की आपण कुठेतरी दुसरीकडे आहोत. एखाद्या वरच्या मजल्यावर, टिनाखाली, नदीच्या जवळ. असं का वाटतं ते तेव्हा कळत नव्हतं. मला वाटलं ऊन लागलं असेल.

सतरा तारखेला तानुबाईंचा दिवस होता. बारा किलो गव्हाच्या कुरडया. पाटीवर ‘निरभ्र’ होतं आणि मी त्याच्याखाली रेघ मारली होती, जी मी सहसा मारत नाही. सकाळी नऊपर्यंत सगळं घालून झालं आणि राखणीला मला स्लॅबवर बसवलं, हातात काठी, काठीला काळं फडकं, पाखरं हाकलायला. अडीच वाजता मेळघाटाच्या बाजूने एक ढग आला. तो मला दिसत होता. ही गोष्ट मी कोणापासून लपवलेली नाही, तुमच्यापासूनही लपवत नाही. मी उताणा पडून त्याच्याकडे बघत होतो. आधी कापसाच्या बोंडाएवढा होता, मग गाडीभर कापसाएवढा, मग खालून निळा झाला. फार सुंदर होता. मी मोबाईल काढून पाहिलं तर मोबाईलमध्ये तो नव्हता. तिथे गोल पिवळा सूर्य होता. मी विचार केला की अजून पोचला नसेल. म्हणजे मोबाईलमध्ये. मी पाच मिनिटं थांबलो, पुन्हा पाहिलं, सूर्यच. मी ॲप बंद करून पुन्हा उघडलं. मग माझ्या कपाळावर एक थेंब पडला आणि एक सूर्यावर पडला, तो मी बोटाने पुसला, आणि तेव्हासुद्धा, भाऊजी, मी ओरडलो नाही, कारण ओरडण्याआधी खात्री असावी असं मला वाटतं.

खात्री लगेच झाली. बायका धोतरं, ताडपत्री, खाटा घेऊन वर येईपर्यंत बारा किलोच्या कुरडयांची लुगड्यावर खीर झाली होती. पाऊस सतरा मिनिटं पडला आणि गेला, पुन्हा लख्ख ऊन. तानुबाई त्या खिरीच्या मध्ये उभ्या होत्या. त्यांनी मला शिवी दिली नाही. त्या म्हणाल्या, “गोप्या, डोये कायले देले देवानं?” मी मोबाईल पुढे केला. त्यात अजूनही निरभ्र होतं. मग त्यांनी तुमचं नाव घेतलं आणि तुमच्या ऑफिसाबद्दल काही बोलल्या ते मी लिहीत नाही. शेवटी बाबांनी चष्मा लावला, मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरला, आणि हळूच ती करडी अक्षरं वाचली. म्हणाले, “हे तं अकोल्याचं हाय.”

स्लॅबवर सात बायका होत्या. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. किराणावाल्या पुंजारामची बायको म्हणाली, “अकोल्याचं काहून?” मी खाली पाहिलं. खरं उत्तर दिलं तर आईचं नाव निघणार होतं, आणि खोटं मला पटकन सुचत नाही. तेवढ्यात आई लुगड्याच्या कडेला बसली आणि ओल्या कुरडया हाताने गोळा करू लागली, एकेक, जशा काही निवडायलाच घेतल्या आहेत. मान वर केली नाही. मग एकेकीच्या लक्षात आलं. तानुबाई आईच्या शेजारी जाऊन बसल्या (त्यांना खाली बसता येत नाही, तरी बसल्या) आणि म्हणाल्या, “मैना, पोरीचं आभाय पाहून राह्यली होती तं सांगाचं ना वं. एका पाटीवर दोन गावं मावली असती.”

दुसऱ्या दिवसापासून पाटीवर दोन गावं आहेत. वर वलगाव, खाली अकोला. मी दोन रंगांचे खडू वापरतो. आणि गंमत अशी की गल्लीतले सगळे आता आधी खालचं वाचतात. पुंजाराम दुकान उघडताना आईला ओरडून सांगतो, “काकू, आज तिकडं त्रेचाळीस, उतरलं.” आई त्याला उत्तर देत नाही, पण त्या दिवशी पोळीला तूप जरा जास्त असतं.

तर आता सूचना. आधी मी तुमच्यासाठी दुसरीच सूचना तयार केली होती. बसला जशी पाटी असते, तशी प्रत्येक ढगाला असावी: अकोला ते अमरावती, मार्गे मूर्तिजापूर. म्हणजे आपल्या डोक्यावर आलेला ढग आधी कोणाकोणाच्या डोक्यावरून आला ते कळेल. पावसाळ्यात ढग बहुतेक तुमच्याकडूनच आमच्याकडे येतात. सकाळी ताईने कपडे काढायला घाई केली असेल, त्याच ढगासाठी आई दुपारी गोवऱ्या झाकते. हे कळलं तर बरं वाटेल, एवढाच त्याचा उपयोग. पण ढग वाटेत एकमेकांत मिसळतात आणि कोणता कोणाचा हे सांगणं कठीण जाईल, म्हणून ती सूचना मी मागे घेतली आहे.

खरी सूचना ही. ॲपमध्ये एखाद्याने दुसऱ्या गावचं हवामान उघडून पाहिलं, तर त्या गावातल्या त्याच्या माणसाला तसं कळावं. फार नाही, संध्याकाळी एक ओळ: ‘आज तुमच्या गावचं आभाळ वलगावहून चार वेळा पाहिलं गेलं.’ नाव नको. घंटी नको. लाल रंग नको, कारण लाल ओळ दिसली की माणसाला आधी वीजबिल आठवतं. ही चोरून डोकावण्यासारखी गोष्ट होईल का, ह्यावर मी दोन दिवस विचार केला. माझं मत असं की कोणी कोणाच्या घरात पाहत नाही, फक्त घरावरचं पाहतो, आणि ते कोणाच्याच मालकीचं नाही. पाहणाऱ्याला काही बोलावं लागत नाही आणि ज्याला कळतं त्यालाही काही उत्तर द्यावं लागत नाही. आमच्या घरच्या दोघींना ह्याहून जास्त जमेल असं मला वाटत नाही.

आणि हे फक्त आमच्यापुरतं नाही. मी संध्याकाळी स्लॅबवर पडून ह्याचा पुष्कळ विचार करतो. दर्यापूरचा कोणी म्हातारा रोज नाशिकचं आभाळ पाहत असेल, कारण तिथे त्याचा मुलगा कारखान्यात आहे. कोणी पुण्यात बसून परतवाड्याचा पाऊस पाहत असेल. ह्या सगळ्यांच्या नजरा जर दिसायला लागल्या, एकेका बारीक सुतासारख्या, ह्या गावाहून त्या गावावर, तर वर इतकी सुतं होतील की ढगाला वाट काढत जावं लागेल. मी डोळे मिटून पाहिलं तर आमच्या स्लॅबवरून निघालेलं एक सूत मला स्पष्ट दिसलं. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव, मग नदी, मग टिन. पलीकडून कोणी ते धरलं आहे की नाही, हे मात्र दिसलं नाही. तुमच्या ऑफिसात ह्याची नोंद राहत असेल, तर जुन्या शहरातून कोणी वलगावचं हवामान पाहतं का, एवढं मला सवडीने कळवावं.

चूकभूल माफ असावी. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद (तुमच्या घरी दोन्ही नाहीत हे मला माहीत आहे, पण ओळ मोकळी सोडवत नाही).

तुमचा
गोपाल

ता. क. (शनिवार, सकाळ) : रात्रभर मन खात होतं म्हणून ही ओळ वाढवतो, ही फक्त तुमच्यापुरती. मागच्या मेमध्ये सरगुंड्या करून करून आईचं मनगट सुजलं होतं. तिने कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी ताईला सांगितलं. म्हणून ताई “नको पाठवू” म्हणाली, पाकिटांचं तिने आपलं काहीतरी कारण काढलं. तिने माझं नाव सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी भीती वाटली, आठवड्याने लाज वाटली, आणि महिन्याने वाटलं की आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं हे आधी सांगावं लागेल. म्हणजे वरची सगळी सूचना खरी तर मला सोडवण्यासाठी आहे. हे वाचून पान फाडून टाकावं.

ता. क. दुसरा (शनिवार, संध्याकाळ) : पान फाडायची गरज उरली नाही. मी शुद्धलेखन तपासायला पत्र मोठ्याने वाचतो, ती माझी जुनी सवय आहे. आई वावरात आहे असं मला वाटलं होतं. ती दाराआड मेथी निवडत बसली होती आणि तिने पहिल्या नमस्कारापासून सगळं ऐकलं, वरचा ता. क. धरून. मी वाचून थांबलो तेव्हा ती म्हणाली, “हात सुजला हे तू सांगतलं?” मी हो म्हटलं. तिने अख्खी जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, “तवाच सांगाचं ना लेका. तिच्यावर रागावली तं अकरा महिने गेले. तुह्यावर रागावली असती तं दोन दिसांत सपलं असतं.” मला वाटलं आता दोन दिवस सुरू होतील. पण ती उठली, हात झटकले आणि विचारलं, “जवायाले रविवारी सुटी राह्यते ना?”

ता. क. तिसरा (रविवार, मूर्तिजापूर बसस्टँड) : गाडी दहा मिनिटं थांबली आहे म्हणून लिहून घेतो. वाकडं अक्षर दिसेल ते गाडीमुळे, माझ्यामुळे नाही. आई खिडकीशी बसली आहे आणि वर पाहते आहे. मी विचारलं, मोबाईलमध्ये पाहून सांगू का, तर म्हणाली, “आता कायले, दिसूनच तं राह्यलं.” आम्ही येतोय हे तिने ताईला कळवू दिलं नाही. कळवलं तर ती स्वयंपाक करून ठेवेल आणि मग करायला काही राहणार नाही, म्हणते.

तेव्हा भाऊजी, हे पत्र टपालाने न येता मीच तुमच्या हातात दिलं आहे. तुम्ही ही ओळ वाचत असाल तेव्हा मी तुमच्यासमोर खुर्चीवर बसलेलो असेन. कृपया माझ्याकडे पाहू नका. आई आणि ताई आत आहेत. अजून आतून आवाज येत नसेल, किंवा नुसता भांड्यांचा येत असेल. तुम्ही आत्ता मान वर केलीत तर ताई तुम्हाला चहाचं विचारायला बाहेर येईल, आई एकटी राहील, तिला आपण पाहुणी असल्यासारखं वाटेल आणि ती मला परतीची गाडी विचारेल. मी तिला ओळखतो. पत्र इतकं लांब लिहिलं ते एका अर्थाने बरंच झालं. सूचना ऑफिसात दिली नाही तरी चालेल. माझी एवढीच विनंती आहे की पत्र संपलं असं दाखवू नका. पान उलटा आणि पहिल्या नमस्कारापासून पुन्हा वाचायला लागा, सावकाश. पाणी लागलं तर बोलू नका, नुसती खूण करा, मी उठून देतो.